लूप लाल होईपर्यंत: मायक्रोबायोलॉजीच्या मास्तरांचं कौतुक कुठे नोंदवायचं?

ज्यांनी हा भाग विरार लोकलमध्ये अर्धा ऐकला आणि दादर आलं म्हणून इअरफोन काढले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना मी घेतलेले दोन-चार फाटे छाटलेत, बाकी गोष्ट तीच.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. माझी आतेबहीण वसईतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. शिक्षक दिनाच्या आठवड्यात ती आमच्याकडे आली होती. मोबाईलवर काहीतरी भरत बसलेली, आणि चेहरा असा की जणू परीक्षेचा फॉर्म रिजेक्ट झालाय. विचारलं तर म्हणाली, "शिक्षकांचा फीडबॅक फॉर्म आहे दादा. दहा प्रश्न आहेत. मॅडम वेळेवर येतात का, पोर्शन पूर्ण करतात का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो का. सगळ्याला पाचपैकी पाच दिले. पण मॅडमचं जे खरं आहे, ते यात कुठे भरू?"

मी म्हटलं, खरं म्हणजे काय?

"एफ.वाय.ला माझं ग्रॅम स्टेनिंग सलग चार वेळा फसलं. बाकीच्यांचे बॅक्टेरिया जांभळे, माझे गुलाबी. मॅडमनी माझी स्लाईड स्वतः करून दिली नाही. शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अल्कोहोल टाकताना मोठ्याने आकडे मोज. तेव्हा कळलं की मी घाबरून अल्कोहोल जास्त वेळ ओतत होते. आता कुठलीही स्लाईड दे, माझा हात चुकत नाही."

आणि मग सहज म्हणाली, "त्या तासिका तत्त्वावर आहेत. पुढच्या वर्षी असतील की नाही, माहीत नाही."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बी.टेक.मध्ये बायोलॉजीचा वारा लागला नाही. पण हा प्रश्न डोक्यात राहिला: मायक्रोबायोलॉजी उत्तम शिकवलं हे ओळखायचं कसं, आणि आजवर ते कुणी ओळखलंय का? शोधायला गेलो आणि थेट १८९६ च्या मुंबईत पोहोचलो.

आधी थोडं प्रॅक्टिकल

आपल्यातल्या कॉमर्स आणि आर्ट्सवाल्यांसाठी. ग्रॅम स्टेनिंग ही पद्धत हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली मांडली. काचपट्टीवर बॅक्टेरिया घ्यायचे, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग द्यायचा, आयोडिन घालायचं, अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी-लाल रंग द्यायचा. ज्यांची भिंत जाड ते जांभळे राहतात, बाकीचे गुलाबी होतात. डॉक्टर कुठलं अँटिबायोटिक देणार, याचा पहिला अंदाज बऱ्याचदा यावरून येतो. आणि अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जांभळेही गुलाबी दिसायला लागतात. म्हणजे रिपोर्ट उलटा.

दुसरी वस्तू म्हणजे लूप. काडीच्या टोकाला तारेचं छोटं वेटोळं. बॅक्टेरिया उचलायच्या आधी ती तार ज्योतीत लालबुंद होईपर्यंत तापवायची, गार होऊ द्यायची, काम करायचं आणि खाली ठेवण्याआधी पुन्हा लाल करायची. वाचायला दहा सेकंद लागतात. हाताला सवय लागायला वर्ष जातं. पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं, म्हणून ते पुस्तकातून येत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी शंभर वेळा "परत तापव" म्हणावं लागतं.

ही सवय नसली तर काय होतं? आता इतिहासाकडे.

तुपाचे थेंब आणि एक कॉरिडॉर

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना रोगी तपासताना लक्षात आलं की हा प्लेग आहे. शहरात घबराट पसरली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली, त्याच मार्गाने आता माणसं उलट्या दिशेने मुंबई सोडून पळत होती.

ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सुरुवातीला ग्रंथालयातल्या सहाय्यकाची जागा मिळाली होती. प्रयोगशाळेचं काम फावल्या वेळात. पण जागा योग्य होती. त्याच संस्थेत १८८९ मध्ये एमिल रू यांनी सूक्ष्मजीवांवर काम कसं करायचं याचा रीतसर वर्ग सुरू केला होता. अशा विषयाचा कोर्स असतो, तो शिकवायचा असतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

मुंबईत हाफकिनना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि कॉरिडॉर मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी प्लेगची लस केली. मांसाच्या रश्श्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबकळत वाढायचे, गुहेच्या छताला लटकणाऱ्या दगडी सुळक्यांसारखे. मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट तीच. हे नाव १९२५ मध्ये मिळालं.

विचार करा, त्या तीन शिपायांना बाटली कशी उघडायची, बूच कुठे ठेवायचं, हात कुठे लावायचा नाही, हे कुणीतरी शिकवलंच असणार. इतिहासात त्यांची नावं "तीन शिपाई" एवढीच आहेत.

मुल्कोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल हे गाव, आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना मुंबईहून आलेली लस टोचली गेली. पाच बाटल्या उघडल्या. त्यातल्या एका बाटलीतून, क्रमांक ५३-एन, १९ जणांना लस मिळाली. ते एकोणीसच्या एकोणीस धनुर्वाताने मेले. बाकी बाटल्यांवाल्यांना काही झालं नाही.

संशय सरळ मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिननी लस बनवण्याची पद्धत बदलली होती, नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड घालणं सोडलं होतं. चौकशी आयोगाने ठरवलं की बाटली उघडण्याआधीच दूषित होती. हाफकिनना पदावरून जावं लागलं. ज्या शहराला लस दिली, तिथेच माणूस बदनाम झाला.

पण कागद नीट वाचल्यावर दुसरी गोष्ट पुढे आली. गावात बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. नीट निर्जंतुक करण्याऐवजी तो कार्बोलिकच्या द्रावणात नुसता हलवला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, तेही बीजाणूंच्या रूपात, म्हणजे टणक कवचात झोपलेले. असं विसळून ते मरत नाहीत. शिवाय बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता. हे जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर घाण वास सुटला असता.

जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिनच्या बाजूने पत्र लिहिलं. मलेरियावरच्या नोबेलचे मानकरी तेच रॉस. त्याच वर्षी हाफकिनवरचा ठपका निघाला, ते भारतात परतले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हे, कलकत्त्याला. पाच वर्षं मात्र गेली ती गेलीच.

मी ही गोष्ट आतेबहिणीला सांगितली. तिने एका सेकंदात प्रतिक्रिया दिली: "चिमटा पडला तर तो बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात."

बरोबर. पहिल्या महिन्यात शिकवतात. १९ माणसं आणि एका शास्त्रज्ञाची कारकीर्द, एवढ्या किमतीचा तो धडा आहे. आणि जी मॅडम तो नीट शिकवते, तिच्या कामाचा पुरावा काय? काहीच घडत नाही, हाच पुरावा. आमच्या धंद्यात पण असंच असतं. सर्व्हर रात्री दोनला पडला आणि कुणी उठून चालू केला, तर त्याचं नाव मीटिंगमध्ये निघतं. ज्याने तो पडूच दिला नाही, त्याला कुणी विचारत नाही.

डेल्फ्टपासून विरारपर्यंत

मग चांगला शिक्षक ओळखायचा कसा? एक जुनी पद्धत आहे: त्याचे विद्यार्थी पुढे काय शिकवतात ते बघायचं.

हॉलंडमधल्या डेल्फ्टला १८९५ मध्ये मार्टिनस बायेरिंक प्राध्यापक झाले. शास्त्रज्ञ अफाट, विद्यार्थ्यांशी वागणं मात्र फटकून. १९२१ मध्ये त्यांच्या जागी आल्बर्ट क्लायव्हर आले. त्यांचा विद्यार्थी कॉर्नेलिस व्हॅन नील १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला गेला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह इथल्या सागरी केंद्रावर.

व्हॅन नील यांनी जांभळ्या बॅक्टेरियांचा अभ्यास करून एक मोठी गोष्ट सुचवली: झाडं जो ऑक्सिजन सोडतात तो पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साईडमधून येत नाही. यासाठी ते पाठ्यपुस्तकात आहेत. पण त्यांना ओळखणारे लोक आठवण काढायचे ती त्यांच्या उन्हाळी वर्गाची. १९३० पासून जवळपास तीन दशकं हा वर्ग चालला. मोजकेच विद्यार्थी, सकाळी सुरू झालेलं बोलणं संध्याकाळपर्यंत. उत्तर सांगून टाकायचं नाही. प्रश्न विचारत विचारत विद्यार्थ्यालाच तिथपर्यंत न्यायचं. चिखल आणि पाणी आणायचं, आणि हवा तो जंतू त्यातून वाढवून दाखवायचा.

१९५३ मध्ये या वर्गात आर्थर कॉर्नबर्ग बसले होते. त्यांना सेंट लुईसला मायक्रोबायोलॉजी विभागाचं प्रमुखपद मिळालं होतं, आणि विषयाचं रीतसर शिक्षण तर झालं नव्हतं. म्हणून शिकवण्याआधी ते शिकायला आले. १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

याच वर्गातून तयार झालेला दुसरा माणूस रॉजर स्टॅनियर. डूडोरॉफ आणि एडलबर्ग यांच्यासोबत त्याने १९५७ मध्ये 'द मायक्रोबियल वर्ल्ड' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. आपल्याकडे मायक्रोबायोलॉजीचं बी.एस्सी. केलेल्या कुणालाही विचारा, "स्टॅनियर" म्हटलं की पुस्तकच डोळ्यासमोर येतं. आतेबहिणीच्या टेबलावर त्याची झेरॉक्स आहे, स्पायरल बाईंडिंग करून.

म्हणजे डेल्फ्टचा गुरू, त्याचा शिष्य कॅलिफोर्नियात, त्याच्या शिष्याचं पुस्तक विरारच्या झेरॉक्सच्या दुकानात. या साखळीची शेवटची कडी ती तासिका तत्त्वावरची मॅडम, जी अल्कोहोल ओतताना आकडे मोजायला लावते.

आपल्या मातीतलंही एक नाव घ्यायला हवं. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात मिलिंद वाटवे मायक्रोबायोलॉजी शिकवायचे, नंतर ते आयसर पुणे इथे गेले. पदवीच्या मुलांनी फक्त ठरलेले प्रयोग न करता स्वतःचे प्रश्न घेऊन संशोधन करावं, यासाठी ते ओळखले जातात. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक पेपर लिहिला: मातीतले स्ट्रेप्टोमायसिस हे जीव एकूण किती प्रकारची अँटिबायोटिक्स बनवू शकत असतील? त्यांच्या गणिताने उत्तर आलं, लाखाच्या घरात. आजवर सापडली आहेत ती त्यातली अगदी थोडी. असा प्रश्न घेऊन शिकवणारा माणूस वर्गात असेल, तर अंगणातल्या मातीकडे बघण्याची पोरांची नजरच बदलते.

पुरस्कार कुणाला मिळतो?

आता सरळ हिशोब. आपल्याकडे शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाला. शिक्षक दिन ५ सप्टेंबरला साजरा होऊ लागला १९६२ पासून. तो ज्यांच्या वाढदिवसाला होतो ते राधाकृष्णन स्वतः कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवणारे. पण पुरस्कार शाळेच्या शिक्षकांसाठी होता. कॉलेजच्या शिक्षकांसाठी तो खुला झाला २०२३ मध्ये. मध्ये ६५ वर्षं गेली. त्या वर्षी ७५ पुरस्कारांपैकी उच्च शिक्षणातल्या शिक्षकांना १३ मिळाले. संपूर्ण देशात, सगळ्या विषयांत मिळून.

त्यातही अट अशी की शिक्षक नियमित पदावर हवा, पूर्णवेळ शिकवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण महाराष्ट्रातल्या किती कॉलेजांत प्रॅक्टिकलला उभी असलेली व्यक्ती तासावर पैसे घेणारी असते, हे तुम्ही कॉलेजात असाल तर तुम्हाला माहीत आहे. त्या व्यक्तीला त्या फॉर्मचं पहिलं पानही भरता येत नाही.

आणि जे कायम आहेत त्यांचं? २०१० मध्ये यूजीसीने बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. पेपर छापा, गुण मिळवा. शिकवण्यालाही गुण होते, पण पेपर मोजता येतो; शेजारी उभं राहून शंभर वेळा "परत तापव" म्हटलेलं मोजता येत नाही. मग पैसे भरले की काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. २०१८ मध्ये नियम बदलले आणि कॉलेज शिक्षकांवरचा हा दट्ट्या सैल झाला. मधली आठ वर्षं प्रयोगशाळेत कमी आणि कॉम्प्युटरसमोर जास्त बसण्याची सवय मात्र अनेकांना लागून गेली.

बाहेर कुणी वेगळं केलंय का? अमेरिकेतली मायक्रोबायोलॉजीची मोठी संघटना १८९९ साली स्थापन झाली, म्हणजे परळची प्रयोगशाळा उघडली त्याच वर्षी. ती पदवीच्या वर्गांना मायक्रोबायोलॉजी उत्तम शिकवणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार देते, कार्स्की यांच्या नावाचा. संशोधनाचे पुरस्कार वेगळे, हा वेगळा. एका विषयाच्या लोकांनी मिळून ठरवायचं की आपल्यात उत्तम शिकवतं कोण, हे मला आवडलं. कारण ग्रॅम स्टेनिंग फसलेलं माणूसच सांगू शकतं की ते दुरुस्त करून देणं म्हणजे काय असतं.

मग आपण काय करायचं?

पुरस्कार सुरू करणं आपल्या हातात नाही. पण पुरस्कार कुठलाही असो, त्याला पुरावा लागतो, आणि तो पुरावा विद्यार्थ्याकडेच असतो. आपण काय करतो? शिक्षक दिनाला गुलाब, पेन आणि "बेस्ट टीचर एव्हर" असं स्टेटस. यातून कुणालाही काही कळत नाही.

त्यापेक्षा चार ओळी लिहा. मला काय येत नव्हतं. सरांनी किंवा मॅडमनी नेमकं काय केलं. त्यानंतर मला काय यायला लागलं. आणि त्याचा उपयोग कुठे झाला. तारीख टाका, सही करा, एक प्रत विभागप्रमुखांना द्या आणि एक त्या शिक्षकाला. पुढच्या वर्षी मुलाखतीला जाताना त्यांच्या फाईलमध्ये तो कागद असेल. तासिका तत्त्वावरच्या माणसाकडे असे कागद फार कमी असतात.

आतेबहिणीने शेवटी तेच केलं. फॉर्मच्या तळाशी "इतर सूचना" असा एक रकाना होता. तिथे तिने ग्रॅम स्टेनिंगची सगळी हकीकत लिहिली. शब्दमर्यादा संपली म्हणून उरलेलं कागदावर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

मी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

"वाचलं. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, चल, आज विहिरीच्या पाण्याची टेस्ट आहे, लूप तापव."

तर मंडळी, तुम्हाला कुणी हात धरून काही शिकवलं असेल, मायक्रोबायोलॉजी असो की वेल्डिंग, तर या आठवड्यात त्या चार ओळी लिहा. मीही लिहितोय, आमच्या प्रोग्रामिंगच्या लॅबमधल्या एका सरांना. दहा वर्षं उशीर झालाय, पण हाफकिनवरचा ठपकाही पाच वर्षांनी का होईना, पत्र लिहिणाऱ्यांमुळेच निघाला होता.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाणी उकळून प्या.